पेटीवाला उठून गेला की पडदा मुका होतो

'मूकपट' हा शब्द मला कधीच पटला नाही. सत्तरी ओलांडल्यावर माणसानं शब्दांशी भांडणं सोडावं, असं आमच्या सौ.चं म्हणणं. पण तीस-पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईनं दुरुस्त केलेल्या माणसाला ते जमायचं कसं? शब्द चुकीच्या जागी बसलेला दिसला की हात शिवशिवतात. तेव्हा मंडळी, आज थोडं या शब्दाशीच भांडतो.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या दिवशी तिकीट काढणाऱ्या माणसानं शेजाऱ्याला "चला, मूकपट बघून येऊ" असं काही म्हटलं नसेल. तो हलणारी चित्रं बघायला चालला होता. चित्र हलतं हेच केवढं नवल होतं! पुढं १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' बोलू लागला, आणि मागचे सगळे सिनेमे एका दिवसात मुके ठरले. धाकटी सून बडबडी आली म्हणून थोरलीला मुकी म्हणायचं, तसलाच हा प्रकार.

बरं, ते मुके होते का? मुळीच नाही. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसानं पहिला खेळ केला. थोड्याच दिवसांत खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथं सोबत वाद्यं वाजू लागली. त्याच्याही आधी कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' घेऊन फिरत. काचांवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडायची, आणि बाजूला बसून कथा सांगायची, गायचं, वाजवायचं. कोकणात पिंगुळीचे चित्रकथी तर पिढ्यान् पिढ्या हेच करत आले. चित्र एकाचं, आवाज दुसऱ्याचा, आणि दोन्ही एकाच वेळी प्रेक्षकासमोर... ही आपल्याकडची जुनी रीत. फाळक्यांचा सिनेमा या रीतीत अलगद येऊन बसला.

म्हणून त्या काळच्या थिएटरात पडद्यापाशी पेटी आणि तबला असायचा. बरं थिएटर असलं तर व्हायोलिनही. आणि अनेक ठिकाणी पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा एक माणूस असायचा. असणारच! १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरातल्या जेमतेम सहा जणांना लिहिता-वाचता येत होतं. उरलेल्या चौऱ्याण्णवांनी त्या पाट्यांचं काय करायचं?

माझे वडील शिक्षणासाठी नागपूरला होते तेव्हा त्यांनी असे खेळ पाहिले होते. सिनेमाचं नाव त्यांना म्हातारपणी आठवत नसे, नायिका आठवत नसे, पण पेटीवाला आठवे. "त्याचे डोळे पडद्यावर आणि बोटं पेटीवर. मान एकदाही खाली नाही," असं ते सांगत आणि जेवणाच्या पाटावर बोटं चालवून दाखवत. मोठ्या दादाला हे नक्की आठवत असेल.

ही सगळी प्रस्तावना एवढ्यासाठी, की मागच्या वर्षी हिवाळ्यात मुलीकडे पुण्याला गेलो होतो आणि तिथं एका छोट्या सभागृहात 'कालियामर्दन' पाहिला. फाळक्यांचा, १९१९ चा. सोबत प्रत्यक्ष वाजवणारे चौघे: पेटी, तबला, बासरी आणि व्हायोलिन. मुलीनं फोनवर "बाबा, लाइव्ह ऑर्केस्ट्रा आहे" असं सांगितलं, तेव्हा मी चक्क "गाणार कोण?" असं विचारलं! आमच्या चांद्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत सिनेमाची गाणी म्हणणारी, मुकेश-रफीचे आवाज काढणारी मंडळी. इथं कुणी गाणारं नव्हतं. चौघंही पडद्याकडं तोंड करून बसलेले, आमच्याकडं पाठ.

'कालियामर्दन' आता पाऊण तासाचाच उरला आहे. कृष्ण झाली आहे फाळक्यांची लेक मंदाकिनी. वय सात वर्षांच्या आतबाहेर. सुरुवातीलाच ती पोर कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते: हसू, राग, भीती. मग कृष्णाच्या खोड्या सुरू होतात. झोपलेल्या शेटजींची दाढी आणि शेटाणीचे केस एकमेकांना बांधून ठेवणं वगैरे. सभागृहात माझ्या पुढं एक पाच-सहा वर्षांचा मुलगा होता, तो या ठिकाणी इतका खदखदून हसला की तबलजीलाही हसू आलं. आणि त्यानं काय केलं? तो ठेका त्यानं पोराचं हसू ओसरेपर्यंत घोळवत ठेवला. पडद्यावर प्रसंग पुढं सरकला होता, पण तबल्यानं त्या हसण्याला जागा करून दिली. मी पन्नास वर्षं सिनेमे पाहतोय, पण सिनेमा प्रेक्षकासाठी थांबलेला मी तेव्हा प्रथमच पाहिला.

नंतर कृष्ण डोहात उडी घेतो. काठावर गोकुळ गोळा झालेलं. इथं मला वाटलं, आता हे चौघं धडाक्यानं वाजवणार. पण चौघांनीही हात काढून घेतले. एक सूर नाही. पडद्यावर बायका ऊर बडवताहेत आणि सभागृहात पंख्याचा आवाज. पाच-सात सेकंदच असेल, पण माझ्या छातीत धडधडायला लागलं. पोहता न येणाऱ्या गोकुळाची भीती त्या शांततेतून कळली. मग कुठं पेटीनं हळूच एक स्वर धरला.

इथं मला पहिला मुद्दा मांडायचा आहे. शांतता ही सुद्धा वाजवावी लागते, आणि ती समोर बसलेला माणूसच वाजवू शकतो. रेकॉर्ड केलेल्या संगीतात आवाज थांबला की आपल्याला वाटतं वायर निघाली. समोरचा माणूस थांबला की आपण श्वास रोखतो, कारण तो पुन्हा केव्हा वाजवेल हे त्याचं त्यालाच माहीत. त्या थांबण्यात जोखीम आहे.

कुणी म्हणेल, गुरुजी, हे पुण्या-मुंबईचे चोचले. आमच्याकडं दिवसातून चार वेळा लाइट जाते, त्याचं बघा. तर बाबांनो, नेमकं उलट आहे. हे ज्ञान पुण्या-मुंबईनं विसरून पुन्हा शिकायला घेतलं आहे. आपण ते विसरलेलोच नाही! झाडीपट्टीत राहणाऱ्या माणसाला हे मी काय सांगावं?

बाहेरगावच्या नातलगांसाठी सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा आमचा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान घरी आलं, की गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. होळीपर्यंत हा हंगाम. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक मंडळींचं गाव. तिथं मंडळ्यांच्या कचेऱ्यांच्या पाट्या एका ओळीत दिसतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. आणि या नाटकात ऑर्गन, तबला, ढोलकी वाजवणारे रंगमंचापाशीच बसलेले असतात, हाडामांसाचे. नट वाक्य विसरला तर ऑर्गनवाला दोन सूर जास्त धरतो. विनोदी नटाला हशा मिळाला तर ढोलकीवर थाप पडते. खलनायक येण्याआधी तबला गुरगुरतो. पुण्याला मी डोळे विस्फारून जे पाहिलं, ते माझ्या गावचा ऑर्गनवाला हंगामात रोज रात्री करतो. त्याला कुणी 'लाइव्ह' म्हणत नाही एवढंच.

म्हणून परत आल्यावर माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. फाळक्यांची चित्रं आणि झाडीपट्टीची वाद्यं एकत्र आणली तर?

माझा एक जुना विद्यार्थी भामरागडच्या बाजूला शिक्षक आहे. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस, पूर ओसरून रस्ता सुरू झाल्यावर, त्याच्या शाळेत आम्ही हा प्रयोग केला. नाटकाच्या तालमी अजून जोरात सुरू झालेल्या नव्हत्या, म्हणून एक ऑर्गनवाले आणि एक तबलजी मोकळे सापडले. ऑर्गनवाले साठीचे. त्यांनी आधी विचारलं, "गुरुजी, पिक्चर मुकं हाये म्हन्ता, तं आमी वाजवाचं कोनाच्या बोलन्यावर जी?" मी म्हटलं, तोंडावर नाही, चेहऱ्यावर वाजवा. त्यांनी सिनेमा लॅपटॉपवर दोनदा पाहिला, बिडी ओढून आले, आणि म्हणाले, "समजलं. हे तं आपलंच नाटक हाये, फक्त नट उधार आनले."

या शाळेतली बहुतेक मुलं माडिया बोलणारी. इथं मला थोडं मागं जायला हवं. नोकरीच्या सुरुवातीला, सत्तरच्या दशकात, मीही अशाच एका गावात होतो. त्या वेळी गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. आमच्या शाळेच्या तपासणीला एक साहेब आले. मुलांना त्यांनी मराठीत चार प्रश्न विचारले, मुलं खाली बघत राहिली, आणि साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं: 'मुले अबोल आहेत.' हीच मुलं घंटा झाल्यावर नदीवर जो कालवा करत तो साहेबांची जीप निघून गेल्यावर मैलभर ऐकू येत होता. ती अबोल नव्हती. वर्गात त्यांची भाषा नव्हती. तेव्हापासून 'मूक', 'अबोल', 'मुखदुर्बळ' हे शब्द कुणी कुणाला चिकटवले की मला आधी चिकटवणाऱ्याकडं बघावंसं वाटतं.

फाळक्यांच्या सिनेमात भाषेची ही भिंत फार बारकी आहे. चेहरे, हातवारे, पाणी, साप, आई. पाट्या मोजक्या. त्या पाट्यांचा अर्थ आम्ही आदल्या दिवशी सातवीतल्या एका मुलीला समजावून दिला, आणि खेळाच्या वेळी ती ऑर्गनच्या बाजूला उभी राहून माडियात सांगत गेली. पहिल्या दोन पाट्यांना आवाज कापरा होता. तिसऱ्या पाटीपासून ती आपल्या मनानं भर घालायला लागली! मुलं तिच्या वाक्यांना हसू लागली, मी मात्र काय चाललंय हे माझ्या विद्यार्थ्याला विचारत बसलो. वर्गातला न समजणारा माणूस त्या दिवशी मी होतो, आणि मला त्यात फार बरं वाटलं.

आमच्या जिल्ह्यांत मराठी आहे, झाडीबोली आहे, गोंडी-माडिया आहे, सिरोंच्याकडं तेलुगू आहे, छत्तीसगडी आहे, निर्वासित म्हणून आलेल्यांच्या गावांत बंगाली आहे. या सगळ्यांना एका मंडपात बसवून एकच सिनेमा दाखवायचा, आणि प्रत्येकानं तो आपल्या बोलीत ऐकायचा, हे बोलपटाला जमणारं काम नाही. मूकपटाला सहज जमतं. जपानात असा कथन करणारा माणूस, त्याला तिकडं बेन्शी म्हणतात, इतका लोकप्रिय होता की बोलपट आल्यावरही तिथं बरीच वर्षं मूकपट निघत राहिले. लोक बेन्शीचं नाव बघून तिकीट काढत.

आणि मग व्हायचं ते झालं. कृष्ण डोहात, गोकुळ काठावर, आणि लाइट गेली. पडदा काळा. शंभरेक पोरं अंधारात. मी टॉर्च शोधायला खिसे चाचपू लागलो. पण ऑर्गनवाल्यांनी हात उचललाच नाही. तोच सूर त्यांनी अंधारात धरून ठेवला, तबलजीनं मंद ठेका सुरू ठेवला. एकही पोर जागचं उठलं नाही. पोरगी मधूनमधून माडियात काही सांगत होती. बहुधा पाण्याखाली काय चाललंय ते. चार-पाच मिनिटांनी लाइट आली, प्रोजेक्टर सुरू झाला, कृष्ण वर आला, आणि जो ओरडा झाला तो... असो. सिनेमा मध्ये बंद पडला होता असं एकाही मुलाला वाटलं नाही, याची मी दुसऱ्या दिवशी विचारून खात्री केली.

पेन ड्राइव्हवरचं संगीत असतं तर काय झालं असतं? पडद्याबरोबर तेही गेलं असतं. पोरं उठून पळाली असती.

आता आक्षेपांकडं वळतो, कारण एकतर्फी बोलणं शिक्षकाला शोभत नाही.

पहिला आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, १९१९ च्या सिनेमाला १९१९ चंच संगीत हवं, नाहीतर तो शुद्ध स्वरूपात, आवाजाशिवाय दाखवावा. आता १९१९ ला कुठल्या गावच्या पेटीवाल्यानं काय वाजवलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आणि नाशिकच्या पेटीवाल्यानं वाजवलं तेच अमरावतीच्या पेटीवाल्यानं वाजवलं असेल का? दर गावाला वेगळं, दर रात्री वेगळं, हेच त्याचं अस्सल रूप. तेव्हा आमच्या ऑर्गनवाल्यानं दंडारीच्या ठेक्यावर कालिया नाचवला तर तो परंपरेला सोडून नव्हे, परंपरेला धरूनच वागला. आणि 'शुद्ध' शांततेत सिनेमा दाखवणं म्हणजे तर जेवणातलं मीठ काढून त्याला सात्त्विक म्हणणं.

जाणकारांचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य. वेग. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला सोळा ते अठरा चौकटींच्या आसपास. बोलपट आल्यावर चोवीस ठरल्या. जुना सिनेमा चोवीसच्या वेगानं दाखवला की माणसं चावीच्या बाहुल्यांसारखी तुरुतुरु पळतात, आणि पोरांना वाटतं जुनी माणसं चालतच तशी होती! इंटरनेटवरच्या काही प्रतींत हा दोष आहे. दाखवण्याआधी वेग नीट करून घ्यावा. वाजवणाऱ्याला लय सापडायची तर आधी चित्राला लय हवी.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मोठा आहे. मोठ्या शहरांत मोठे प्रयोग झाले. हिमांशु राय यांचा 'प्रपंच पाश' हा १९२९ चा मूकपट २००७ मध्ये लंडनच्या ट्राफलगर चौकात उघड्यावर दाखवला गेला, नितीन साहनींचं संगीत आणि वाजवायला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. २०१७ मध्ये 'शिराज'ला अनुष्का शंकर यांनी संगीत दिलं, तो प्रयोग लंडनला झाला आणि नंतर आपल्याकडच्या मोठ्या शहरांत फिरला. २०२४ ला गोव्याच्या इफ्फीत 'कालियामर्दन'ही प्रत्यक्ष वाद्यांसह झाला. आनंदच आहे. पण 'शिराज' मोठ्या शहरांत फिरला म्हणजे आमच्याकडं आला नाही, आणि एवढा ताफा येणारही नाही. न येईना! आमच्याकडं तो येण्याची वाट बघत बसण्याचं कारणच नाही. दोन वाजवणारे पुरतात. लग्नाच्या वरातीत डीजेला आपण किती मोजतो ते आठवा, आणि मग खर्चाचं बोला.

तिसरा आक्षेप माझ्या नातवाचा. तो म्हणतो, आबा, हे स्मरणरंजन आहे. तंत्रज्ञान पुढं जातं, पेटीवाला मागं राहतो, रडून काय उपयोग? पोरगा हुशार आहे, तेव्हा त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

बोलपट आला तेव्हा वाजवणाऱ्यांचं काय झालं ते बघ. अमेरिकेत थिएटरात वाजवून पोट भरणारे हजारो वादक बेकार झाले. त्यांच्या संघटनेनं १९२९-३० च्या सुमारास वर्तमानपत्रांत मोठमोठ्या जाहिराती दिल्या, की डबाबंद संगीत नको, जिवंत संगीत मागा. कुणी ऐकलं नाही. आपल्याकडं गंमत बघ. १९३२ मध्ये प्रभातनं पहिला मराठी बोलपट काढला 'अयोध्येचा राजा'. कथा फाळक्यांचीच, हरिश्चंद्राची. हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे, अव्वल दर्जाचे पेटीवादक, आणि संगीतही त्यांचंच. म्हणजे बोलपटानं एका थोर पेटीवाल्याला पडद्यावर सिंहासनावर बसवलं, आणि त्याच बोलपटानं गावोगावच्या साध्या पेटीवाल्यांना पडद्याखालून उठवलं. दोन्ही खरं. तंत्रज्ञान पुढं जातं तेव्हा काही जण वर जातात, पुष्कळ जण घरी जातात.

मला काळजी आहे ती नव्वद वर्षांपूर्वी घरी गेलेल्यांची नाही. त्यांच्यासाठी आता काही करता येत नाही. काळजी आहे ती आत्ता जाणाऱ्यांची. आमच्या ऑर्गनवाल्यांनी परतीच्या वाटेवर गाडीत सांगितलं, की एका मंडळीनं त्यांना विचारलं, गाणी ट्रॅकवर घेतली तर तुमच्याशिवाय भागेल का? "भागन जी," ते म्हणाले, "पन मंग नटाले ट्रॅकच्या मागं धावा लागन." त्यांच्या मुलानं ऑर्गन शिकला नाही. तो मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकतो आहे. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, वर्षाचे चार-पाच महिने मिळणाऱ्या कामावर संसार होत नाही. पण उरलेल्या सात-आठ महिन्यांत शाळांतून, वाचनालयांतून, यात्रांतून दहा-बारा खेळ जरी मिळाले, तरी कदाचित एखादं पोर ऑर्गनपाशी बसेल. ही काही भूतकाळाची आठवण नाही रे बाबा, हा पुढच्या वर्षीच्या रोजगाराचा प्रश्न आहे.

आणि सिनेमांचंही तेच. आपल्या देशात तेराशेहून जास्त मूकपट तयार झाले असं मानतात. आज त्यातले तीसेकच उरलेत, तेही बरेचसे अर्धेमुर्धे. 'राजा हरिश्चंद्र'ची सगळी रिळं आपल्याकडं नाहीत. ती नायट्रेटची फिल्म, ठिणगी लागली की भडकते. काही रिळं जळाली, काही चांदी काढण्यासाठी वितळवली, काही नुसती कुजली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात आणखी गेली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, पी. के. नायर यांच्यासारख्यानं आयुष्यभर जुनी रिळं हुडकली, म्हणून मंदाकिनी फाळके आज डोहातून वर येताना दिसते तरी. पण कपाटात जपलेली फिल्म म्हणजे कुलुपातलं पुस्तक. ती माणसांसमोर चालली, तिच्यावर कुणी हसलं, कुणी वाजवलं, तर ती उरली म्हणायची.

आणखी एक गोष्ट मनात आहे. आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याला आनंदवन आहे. तिथल्या दिव्यांग आणि कुष्ठमुक्त कलावंतांचा 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद महाराष्ट्रभर गाजलेला. आणि तिथंच कर्णबधिर मुलांची शाळाही आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी बोलपट येण्याआधीचा सिनेमा हा शेजारच्या प्रेक्षकाइतकाच त्याचाही होता. १९३१ नंतर त्याच्या हातून तो गेला. स्वरानंदवनानं एकदा 'कालियामर्दन'ला साथ करावी, आणि पुढच्या रांगांत ती मुलं असावीत. ऐकू न येणाऱ्यांना संगीताचं काय, असं विचारू नका. वडिलांनी मला पेटीवाल्याचे सूर कधीच गाऊन दाखवले नाहीत. त्यांनी बोटं चालवून दाखवली होती. वाजवणारा माणूस बघायचाही असतो.

तर माझी मागणी साधी आहे. मंडई जवळ येते आहे. नाटक दहाला सुरू होतं, पण पोरंबाळं, म्हातारे सातपासूनच जागा धरून मंडपात बसलेले असतात. त्या वेळेत भोंग्यावर सिनेमाची गाणी लावण्याऐवजी पाऊण तास पांढरा पडदा टांगा. नाटकाचेच वाजवणारे आहेत, त्यांना अर्धा तास आधी बोलवा. पाट्या सांगायला गावातलीच एखादी धीट पोरगी उभी करा, तिच्या बोलीत. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत, चैत्रात महाकालीच्या यात्रेत, कुठंही हे जमण्यासारखं आहे. एक चादर, एक प्रोजेक्टर, एक पेन ड्राइव्ह, दोन वादक. लाइट गेली तरी घाबरू नका, वादकांना तेवढं सांगून ठेवा.

आणि हो, हिशेबाची वही उघडाल तेव्हा वाजवणाऱ्यांचं मानधन आधी बाजूला काढा. मंडपाचं मग बघू.